रविवार दोघांच्या सहीचा

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती, पुरवणी नुकतीच हातात घेतली होती, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात तिशी-पस्तिशीचे एक जोडपे आणि त्यांच्या मागे पाच-सहा वर्षांचा मुलगा. गृहस्थांच्या खांद्याला एक लांबट कापडी पिशवी होती. मला वाटले, एखादे वाद्य असावे. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीची चेन उघडली, तेव्हा आतून निघाले ते धातुशोधक यंत्र! एका टोकाला थाळीएवढी तबकडी, दुसऱ्या टोकाला मूठ आणि कानाला लावायचे हेडफोन. मातीत धातू असला की कानात शीळ वाजते म्हणे.

हे गृहस्थ संगणकाच्या व्यवसायातले. इंग्लंडमधले हौशी लोक सुटीच्या दिवशी शेतांतून अशी यंत्रे फिरवतात आणि एखाद्याला रोमन नाणी सापडतात, याच्या चित्रफिती त्यांनी पाहिल्या आणि यंत्र मागवले. माझ्या एका कादंबरीत जुन्या नाण्यांमागे धावणारा बँकेचा कॅशियर आहे. ती वाचून, या म्हाताऱ्याला काही जागा ठाऊक असणार, असा त्यांनी कयास बांधला होता. मराठवाड्यात कुठे हिंडावे, पावसाळ्याआधी की नंतर, असे प्रश्न त्यांनी वहीत लिहूनच आणले होते.

त्यांची पत्नी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, यांना जागा सांगू नका. एवढंच सांगा, की घर सांभाळून हे कसं करायचं? गेल्या चार महिन्यांत आम्ही तिघं एकाही रविवारी एकत्र जेवलेलो नाही."

गृहस्थ जरासे ओशाळले. म्हणाले, "अहो काका, दारू नाही, सिगारेट नाही, पत्ते नाहीत. एवढा एकच छंद आहे."

हे वाक्य ऐकले आणि मला हसू आले. हे वाक्य मी स्वतः, अगदी याच शब्दांत, पस्तीस वर्षांपूर्वी म्हटले होते.

एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या नोकरीत ऐंशीच्या दशकात माझी बदली गोदाकाठच्या एका गावी झाली. पैठण तिथून तासाभराच्या अंतरावर. सातवाहनांची ती राजधानी. त्या सगळ्या पट्ट्यात गावाशेजारी जुन्या वस्तीची टेकाडे असतात. त्यांना लोक 'पांढर' म्हणतात. शेकडो वर्षांची राख, शेणमाती, पडलेल्या भिंती यांची ती भुसभुशीत पांढरट माती. शेतकरी ती गाड्या भरभरून खत म्हणून नेतात. पहिला मोठा पाऊस झाला की पांढरीवरची माती धुऊन निघते आणि मणी, खापरे, कधी एखादे हिरवे पडलेले तांब्याचे नाणे वर येते.

सुरुवात मात्र बाजारात झाली. आमच्या गावच्या तांबट आळीत एका म्हाताऱ्या तांबटाकडे मोडीत आलेल्या भांड्यांबरोबर जुन्या पैशांचा ढीग पडलेला असे. तो ते वितळवून टाकणार होता. त्यातून मी पहिला पैसा उचलला, तो शिवराई निघाला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हापासूनचे हे नाणे, आणि पुढे पेशवाईतही ते पाडले जात राहिले. तांबटाने मला ते मोडीच्या भावात दिले. त्या रात्री मला झोप आली नाही. तांब्याची शिवराई मिळते, मग सोन्याचा शिवराई होन का मिळणार नाही? हा विचार डोक्यात शिरला आणि घर करून बसला.

मग काय, आठवड्याचा प्रत्येक बाजार, प्रत्येक तांबट, प्रत्येक पडका वाडा. रविवार उजाडला की माझी राजदूत मोटारसायकल दाराबाहेर. घरी पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेले वडील. मी बाहेर पडताना पत्नी काही बोलत नसे. ती हिशेबाची वही लिहीत असे. दूध, भाजी, वाणी, अण्णांची औषधे. दर रविवारच्या पानावर वरच्या कोपऱ्यात ती दोन शब्द लिही: 'हे नाहीत.' नवरा जेवायला नसला की पीठ कमी मळायचे, एवढाच त्याचा अर्थ, असे मी अनेक वर्षे समजत होतो.

या छंदात आपण किती आत गेलो आहोत, हे मला एकदा कळायला हवे होते. कळले नाही, ते असे.

आमच्या शाखेचा एक शेतकरी कर्जदार होता. विहीर खोल करण्यासाठी त्याने कर्ज घेतले होते आणि दोन वर्षे एक हप्ता भरला नव्हता. वसुलीसाठी मी त्याच्या घरी गेलो. पाहतो तो माजघराच्या मधोमध पुरुषभर खोल खड्डा. वर मातीचा ढिगारा, लिंबे, कुंकू. कुणा मांत्रिकाने सांगितले होते की वाड्यात गुप्तधनाचा हंडा आहे. आणखी पैसे मोजून कुठूनसा एक पायाळू माणूस आणला होता. पायावर जन्मलेल्याला अंजन घातले की जमिनीतले धन दिसते, ही आपल्याकडची जुनी समजूत. बाई पडवीत तीन दगडांवर भाकरी थापत होती. तिच्याकडे पाहून मी विचारले, "विहिरीचे पैसे कुठे गेले?" ती मान वर न करता म्हणाली, "साहेब, हीर रानात खांदायची व्हती. यांनी घरातच खांदली."

मी त्या शेतकऱ्याला पुष्कळ सुनावले. अंधश्रद्धेवर, कर्जावर, बायकापोरांच्या हालांवर एक व्याख्यानच दिले म्हणा ना. तो शुक्रवार होता. रविवारी पहाटे मी खुरपे आणि पिशवी घेऊन पांढरीवर हजर! मी शिकलेला, पगारदार. माझ्या हातात लिंबू नव्हते, भिंग होते. एवढाच काय तो फरक. घरातला खड्डा माझाही होताच, फक्त तो दिसत नव्हता.

आता अण्णांविषयी सांगतो.

अण्णा प्राथमिक शाळेतले मास्तर. उभ्या आयुष्यात एक दिवस त्यांनी दाढी चुकवली नव्हती. अर्धांगवायूनंतर स्वतःच्या हाताने ते जमेना आणि न्हाव्याच्या हाती तोंड द्यायला ते तयार नसत. तेव्हा रविवारी सकाळी मी त्यांची दाढी करायची, असे ठरले. मी बाहेर जायच्या आधी ती उरकत असे. पितळी वाटीत कढत पाणी, साबण, ब्रश. आरसा ते स्वतः डाव्या हातात धरत. त्या अर्ध्या तासात ते बोलत. जीभ जड झाली होती, पण मला कळे. त्या सुमारास ते मला त्यांच्या लहानपणची एक हकीकत सांगत होते. चौदाव्या वर्षी ते घर सोडून का निघाले, ती. अर्धी झाली आणि माझे हात आवरते झाले. म्हणाले, "पुढचं पुढल्या रविवारी."

पुढला रविवार म्हणजे २४ सप्टेंबर १९८९. सकाळी सातलाच बँकेचा शिपाई सांगत आला, की चाळीस मैलांवरच्या एका गावात पाया खणताना नाण्यांनी भरलेले मडके निघाले आहे. मी वाटीतले पाणी तसेच ठेवले, अण्णांना म्हणालो, "संध्याकाळी करू," आणि गाडीला किक मारली.

गावी पोचलो तर पोलिसांचा पंचनामा होऊन मडके तालुक्याला गेलेले. रीतसरच झाले ते. मला मिळाले फुटक्या मडक्याचे एक खापर. घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. अण्णा झोपले होते. आरसा उशाशी होता. पत्नी म्हणाली, "न्हाव्याला बोलावते म्हटलं, तर नको म्हणाले. 'तो येईल,' म्हणाले." सोमवारी बँकेत सहामाहीची धांदल. सकाळी आठला गेलो, रात्री दहाला आलो. उद्या नक्की, असे मनाशी म्हटले. मंगळवारी पहाटे अण्णा गेले.

घरात माणसे जमली, सगळे यथासांग झाले. मी कोरडाच होतो. दहाव्या दिवशी नदीवर माझे क्षौर करायला न्हावी बसला. वस्तऱ्याचा पहिला गार स्पर्श गालाला झाला, आणि मग जे रडू आले ते आवरेना. लोकांना वाटले, बापाच्या आठवणीने रडतो आहे. ते खरेच होते. पण अण्णांच्या गालावरची ती नऊ दिवसांची पांढरी खुंटे कुणाला दिसत नव्हती, मला दिसत होती.

कुणी म्हणेल, योगायोग. बँकेच्या कामासाठी गेला असतात तरी हेच झाले असते. कबूल. पण मग मी मनाला सांगू शकलो असतो, की पोटासाठी गेलो. खापरासाठी गेलो, हे कुणाला सांगणार?

वर्षभर मी नाण्यांना हात लावला नाही. घरी बसून चिडचिड मात्र खूप केली. शेवटी पत्नीच म्हणाली, "अहो, सोडू नका ते. पण जाताना सांगून जाऊ नका, विचारून जा." सांगणे आणि विचारणे यांतला फरक, जन्म बँकेत घालवूनही, मला तोवर उमगला नव्हता. बँकेत संयुक्त खाती असतात, ती दोन प्रकारची. एकात दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने पैसे निघतात. दुसऱ्यात दोघांच्या सह्या लागतात. घराचा रविवार हे दुसऱ्या प्रकारचे खाते आहे. मी ते पहिल्या प्रकारचे समजून एकट्याच्या सहीने काढत राहिलो. शिल्लक संपेपर्यंत कुणी चेक परत पाठवला नाही, एवढेच.

मग आम्ही नियम केले. महिन्यातले दोन रविवार माझे, तेही आधी ठरलेले. एक रविवार तिचा. लग्नाआधी ती पेटी वाजवत असे आणि लग्नानंतर पेटी माळ्यावर गेली होती, हे मी विसरूनच गेलो होतो. ती खाली आली. तिच्या रविवारी स्वयंपाक माझ्याकडे; पिठले-भात बरा जमू लागला. उरलेला रविवार सगळ्यांचा. पैशांसाठी वेगळे पासबुक, त्यात दरमहा ठरलेली रक्कम. ती संपली की होन समोर आला तरी हात जोडून परत. आणि शक्यतो एकट्याने जायचे नाही. मुलगी बरोबर येऊ लागली. सहा वर्षांच्या त्या पोरीने एका झिजलेल्या पैशावर भिंग धरून 'श्री... रा... जा...' अशी अक्षरे जुळवली, तो आनंद मला आधीच्या पाच वर्षांत एकट्याने मिळालेल्या कुठल्याही नाण्याने दिला नव्हता.

घरच्यांना बरोबर घेतले की प्रश्न मिटला, असे मात्र कुणी समजू नये. अमेरिकेत मेल फिशर म्हणून एक खजिनाशोधक होऊन गेला. आधी कोंबड्या पाळायचा, मग पाणबुड्यांच्या साहित्याचे दुकान काढले. १६२२ साली फ्लॉरिडाजवळ वादळात बुडालेल्या 'आतोचा' या स्पॅनिश जहाजाचा शोध त्याने १९६९ मध्ये सुरू केला. बायको, मुले, सुना सगळे त्यात. म्हणजे सह्या सगळ्यांच्या होत्या! १९७५ च्या जुलैमध्ये त्याचा मुलगा डर्क याला जहाजाच्या ब्राँझच्या तोफा सापडल्या, आणि त्यानंतर आठवडाभरात त्यांची बोट रात्री उलटून डर्क, त्याची बायको आणि आणखी एक पाणबुड्या असे तिघे बुडाले. बाप शोध घेत राहिला. बरोबर दहा वर्षांनी, २० जुलै १९८५ रोजी, खजिन्याचा मुख्य साठा हाती आला. सोने, चांदी, पाचू. जगभरच्या वृत्तपत्रांत फोटो आले. त्या फोटोंतला हसरा फिशर मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा मला तारीख आठवते. हा हिशेब कुठल्या ताळेबंदात बसवायचा, मला अजून कळलेले नाही.

याच्या उलट आपल्याकडचे उदाहरण पुण्यात, शुक्रवार पेठेत उभे आहे. दिनकर केळकर हे चष्म्यांच्या व्यवसायातले गृहस्थ, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. त्यांचा राजा नावाचा मुलगा सातव्या वर्षी गेला. पुढे केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, वाद्ये, दारे-खिडक्या असा हजारो वस्तूंचा संग्रह केला. पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने त्यात होत्या. संग्रहालयाला नाव दिले ते स्वतःचे नव्हे, मुलाचे: राजा दिनकर केळकर संग्रहालय. १९७५ मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे तर व्यापारी. गावच्या पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू त्यांनी जमवल्या, आणि आज तेरला त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आहे. या माणसांनाही वेडच होते. पण त्यांनी जमवलेले शेवटी सगळ्यांचे झाले. जे सापडले ते कुणाला तरी दाखवावे, द्यावे, असे ज्याला वाटते तो छांदिष्ट. जे सापडले ते लपवावेसे वाटू लागले, घरच्यांपासूनसुद्धा, की समजावे, व्यसन लागले.

हे सगळे मी त्या तरुण गृहस्थांना एका दमात सांगितले असेन असे नाही, पण बरेचसे सांगितले. कायदाही सांगितला. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली, की कलेक्टरला लेखी खबर द्यावी लागते. दिली तर, मालक कुणी पुढे न आल्यास, शोधणाऱ्याला आणि जमिनीच्या मालकाला हिस्सा मिळू शकतो, सरकार मोबदला देऊन ते घेऊही शकते. लपवले तर हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संरक्षित किल्ल्यांवर आणि टेकाडांवर तर परवानगीवाचून खणणे हाच गुन्हा. मी स्वतः पांढरीवर खुरपे चालवले ते चुकीचेच होते. कुठल्या थरातून काय निघाले, याची नोंद गेली की नाण्याचा अर्धा इतिहास गेला. त्या उचललेल्या वस्तू पुढे मी यादी करून शासनाकडे दिल्या. तांबटाकडून घेतलेल्या शिवराया तेवढ्या माझ्याकडे आहेत.

"म्हणजे यंत्र माळ्यावरच टाकायचं की काय?" गृहस्थ हिरमुसून म्हणाले.

मी म्हटले, "अजिबात नाही. एखाद्या शेतकऱ्याची नांगरताना हरवलेली लोखंडी वस्तू शोधून द्या. समुद्रावर जा, तिथे कुणाची अंगठी हरवलेली असते. पोराला हेडफोन लावू द्या. पुरातत्त्वाचे जाणकार कुठे रीतसर काम करत असतील, तर त्यांना विचारा, माझ्यासारख्या हौशी माणसाचा काही उपयोग आहे का? पण त्याआधी आज दोघे मिळून एक कॅलेंडर घ्या आणि रविवार वाटून घ्या. वाटताना हिलाही विचारा, की तुला काय करायचं आहे?"

ते हसले. बायकोकडे पाहून म्हणाले, "तुला काय करायचंय?" ती चटकन काही बोलली नाही. मग म्हणाली, "आठवून सांगते."

निघताना दारात ती थांबली. म्हणाली, "काका, एक विचारू? त्या रविवारी काकूंनी वहीत काय लिहिलं होतं?"

मी निवृत्त झाल्यावर एकदा पत्नीच्या जुन्या वह्या काढून बसलो होतो. बँकेतली सवय, दुसरे काय! १९८९ साल १ जानेवारीच्या रविवारी सुरू झाले आणि ३१ डिसेंबरच्या रविवारी संपले, म्हणून त्या वर्षी बावन्न नव्हे, त्रेपन्न रविवार होते. नियतीने एक जास्तीचा दिला होता म्हणा ना. अण्णा गेले तोवर त्यांतले एकोणचाळीस होऊन गेले होते. एकोणतीस पानांवर 'हे नाहीत' असे होते. अण्णा गेल्यानंतरच्या एकाही पानावर नव्हते. २४ सप्टेंबरच्या पानावर दूध एक लिटर, भाजी चार रुपये, अण्णांची गोळी असा नेहमीचा हिशेब होता. वरच्या कोपऱ्यात मात्र दोन शब्दांऐवजी दोन ओळी होत्या.

'हे नाहीत.
अण्णांची दाढी राहिली.'